घड्याळ पिशवीतच राहिले

मे महिन्याच्या सुट्टीत धाकट्या बहिणीकडे हाँगकाँगला गेले होते. नेथन रोडवरच्या कौलून मशिदीपासून तिचे घर पायी दहा मिनिटांवर. ती आजारी असताना शेजारच्या चिनी आजींनी तिची मुले सांभाळली होती. त्यांच्यासाठी मी रत्नागिरीहून छानसे टेबल-घड्याळ नेले होते.

आजींची बेल वाजवणार, तोच बहिणीने हात धरला. "आपा, घड्याळ नको!"

तिथल्या कँटोनीज बोलीत घड्याळ भेट देणे म्हणजे 'सुंग चुंग'. अखेरचा निरोप देण्यालाही हुबेहूब हाच उच्चार. वयोवृद्ध माणसाच्या हाती ते कसे द्यायचे?

या बोलीत सहा सूर आहेत. 'सेइ' म्हणजे चार. सूर बदलला की त्याचाच अर्थ मरणे. म्हणून बऱ्याच इमारतींच्या लिफ्टमध्ये तीननंतर थेट पाचचे बटण. जिभेचा मूळ शब्द 'तोटा' या शब्दासारखा ऐकू येतो. म्हणून खाटीक तिला 'लेइ' म्हणतो, ज्याच्या उच्चारात नफा आहे. 'रिकामे' हा शब्द 'अशुभ' शब्दासारखा वाजतो, म्हणून भाड्याने द्यायच्या रिकाम्या घराच्या पाटीवर 'शुभ घर' असे लिहितात. पुस्तक आणि हार यांचाही उच्चार एकच, 'स्यू'. हे ऐकून माझ्यातली शिक्षिका जरा खट्टू झाली!

"आपण अपशकुन मानत नाही," मी म्हणाले.

"शब्द तर जपतो ना? जेवण झाल्यावर अम्मी काय म्हणायची?"

मी गप्प झाले. अम्मी 'दस्तरख्वान उठाओ' कधी म्हणत नसे, 'बढ़ाओ' म्हणे. आपल्याकडे दुकानदारही रात्री दुकान बंद करत नाही, वाढवतो. वर्गात मी मराठीतला श्लेष आणि उर्दूतला ईहाम शिकवते, पण द्व्यर्थी शब्दाने समोरच्याचे मन दुखावू शकते, हे कधी शिकवले नव्हते. अपशकुन न मानणे ही माझी श्रद्धा. पण तिच्यासाठी आजींच्या मनाला टोचणी कशाला?

घड्याळ पिशवीतच राहिले. काजूचा डबा घेऊन गेलो. आजींनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाल्या, "तो चे." भेटवस्तूसाठी आभार मानायचा हा त्यांचा शब्द.

परतीच्या दिवशी त्या दारापर्यंत आल्या. सवयीने माझ्या तोंडून 'जाते' नाही, 'येते' असेच निघाले. बहिणीने त्याचा अर्थ सांगितला, तशा आजी मनापासून हसल्या.