दोघे पळणारे, चेंडू एक

मंडळी, आम्ही इंदूरचे, घरात वेड क्रिकेटचं. नातू ओहायो स्टेटला शिकायला कोलंबसला गेला. सुरुवातीला फोन दोन मिनिटांत संपायचा. "जेवलास का?" "हो आजी." झालं! पुढे त्यानं मला तिकडचं फुटबॉल शिकवलं. चेंडू काखेत दाबून पळायचं. पळणारा तो रनिंग बॅक.

2024 च्या ऑगस्टात, हंगामाआधी, आमचा वाद रंगला. ट्रेव्हिऑन हेंडरसन संघातला जुना. पहिल्याच वर्षी, 2021 मध्ये, 1,248 यार्ड पळालेला, पण नंतर दुखापतींनी गाठलेला. क्विनशॉन जडकिन्स मिसिसिपी विद्यापीठातून नवा आलेला, तिथे दोन वर्षांत अडीच हजारांवर यार्ड.

नातू म्हणे, "आजी, एकालाच मुख्य ठेवायला हवं. वाटणीत दोघांचं नुकसान." मुद्दा खरा होता. हेंडरसनचं शेवटचं वर्ष, चेंडू कमी मिळाला तर पुढची कमाई धोक्यात.

मी शाळेत खो-खो खेळलेली. म्हटलं, "नुसते यार्ड काय मोजतोस? खो-खोत एकटाच पाठलाग करत बसलं तर दम जातो; वेळेवर खो द्यावा लागतो. आणि चेंडू हातात नसताना क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्याला कोण अडवतो, तेही बघ." हेंडरसन त्यात पक्का.

हंगामाअखेर जडकिन्स 1,060, हेंडरसन 1,016. जानेवारी 2025 मध्ये संघ राष्ट्रीय विजेता. एप्रिलमध्ये दोघांनाही एनएफएलच्या संघांनी दुसऱ्याच फेरीत उचललं.

आता आमचा फोन तासभर चालतो. तुमच्या घरी मुलांमुळे कुठला परका खेळ शिरलाय? लिहा बरं.