पिशवीची मागची बाजू

आमच्याकडे पहिला मुधोळ कुत्रा आला तेव्हा त्याने खायचे काय, हा प्रश्न घरात कुणाला पडलाच नाही. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली ही काटक जात. महाराष्ट्रात हिलाच कारवान म्हणतात. जोंधळ्याची भाकरी आणि मटणाचे चार तुकडे यांवर सहज वाढेल, असे मीच ठरवून टाकले. दूध पचेना म्हणून तेही बंद केले. पाचव्या महिन्यात पवनचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकले. डॉक्टरांनी ते चाचपले आणि म्हणाले, "भाकरी आणि मांस, दोन्हींत फॉस्फरस भरपूर. कॅल्शियम कुठून मिळणार होतं त्याला?" पोटभर जेवणारे पिल्लू माझ्या देखत उपाशी होते. पुढे पवन बारा वर्षे जगला. पण सशामागे धावणाऱ्या जातीचा तो कुत्रा फाटकापर्यंत जाऊन परत फिरायचा.

गेल्या वर्षी दुसरे पिल्लू आणले, तेव्हा आधी दुकान गाठले. दुकानदाराने एक पिशवी पुढे सरकवली, "चलो ऐत्री, सर!" पिशवीवर भाजलेली कोंबडी, गाजरे, मटार. पाहून माझ्याच तोंडाला पाणी सुटले. मी ती उलटी केली. पस्तीस वर्षे वकिलांकडे जमिनीचे उतारे वाचण्यात गेली आहेत. गिऱ्हाईक मालकाचे नाव पाहते आणि बोजा असतो कडेच्या रकान्यात.

इथेही तोच प्रकार. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. एका पिशवीवर पहिले नाव ताज्या कोंबडीचे. पण ताज्या मांसात सुमारे ७० टक्के पाणीच, ते कोरड्या दाण्यात उरत नाही. त्याखाली मका, मग मक्याचे ग्लुटेन, मग मक्याचा कोंडा. एकाच घरचे तीन भाऊ वेगळे निघाले की कुणाचाच वाटा मोठा दिसत नाही. तिघांची बेरीज केली तर मालक मकाच!

डब्यातल्या ओल्या खाण्यावर प्रथिने ८ टक्के आणि कोरड्या पिशवीवर २४. मी कोरड्याकडे वळलो होतो, तेवढ्यात ओलाव्याचा आकडा दिसला. डब्यात पाणी ८० टक्के. म्हणजे उरलेल्या २० भागांत ८ प्रथिने, चाळीस टक्के झाली. पिशवीत पाणी १० टक्के. ९० भागांत २४, म्हणजे सत्तावीसच्या आत. दुकानदाराच्या पेनाने पुठ्ठ्यावर हा हिशेब मांडला, तो बिचारा बघतच राहिला.

आकड्यांवरही डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही. प्रथिने मोजतात ती नायट्रोजनवरून. २००७ साली चीनहून गेलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये नायट्रोजनने भरलेले मेलामाइन मिसळलेले निघाले. आकडा फुगला, आणि अमेरिकेत ते खाऊन कुत्र्यामांजरांचे मूत्रपिंड निकामी झाले.

मी सर्वांत जास्त वेळ शोधली ती एक बारीक ओळ : हे खाणे पूर्ण आहे की नुसते पूरक, आणि कोणत्या वयासाठी. अमेरिकेतल्या मापाप्रमाणे वाढत्या पिल्लाच्या कोरड्या अन्नात निदान १.२ टक्के कॅल्शियम लागते, मोठ्या कुत्र्याला ०.५ पुरते. ही ओळ मला पवनच्या वेळी कुणी दाखवली असती तर! पिल्लांसाठीची, पूर्ण आहार म्हणणारी पिशवी घेतली. तरी भीती जाईना. वरून कॅल्शियमची बाटलीही घेतली. डॉक्टरांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. पूर्ण आहारावर आणखी कॅल्शियम घातले तर वाढती हाडे त्यानेही बिघडतात, म्हणाले.

भाकरीचे विचारले, तर त्यांनी दहावा हिस्सा चालेल अशी सूट दिली. आता संध्याकाळी परडीतून वास आला की तुकाराम चुलीपाशी जाऊन बसतो आणि ही त्याला तुकडा मोडून देते. मी हिशेब काढला की म्हणते, "तुमचा दहावा वेगळा, माझा वेगळा." तिचा दहावा चांगला तळहाताएवढा असतो.