खोकल्याची रवानगी

पोळ्याला दोन दिवस राहिले होते. मी ज्यांच्याकडे राहायचो त्या काकूंनी रात्री जेवताना विचारलं, "मारबतीसंगं तू काय पाठवून राहिला?"

मला नागपुरात येऊन तेव्हा तीन महिने झाले होते. कणकवलीहून बदलून आलेल्या माणसाला तेवढ्या काळात इतपत कळतं की इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, 'पोट्टा' ही शिवी नव्हे आणि 'जेवून राहिलो' म्हणणारा माणूस कुठे मुक्कामाला गेलेला नसतो. मारबत हा शब्द मात्र नवा होता. एखादी ट्रॅव्हल्स कंपनी असेल असं वाटलं. म्हटलं, "आईला संत्राबर्फी पाठवावी म्हणतो. दोन दिवस टिकेल ना?"

काकांना ठसका लागला. काकूंनी आधी त्यांच्या पाठीवर थापटलं, मग माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. "अरे बाप्पा! मारबतीसंगं बर्फी नाही, बिमारी पाठवतात. तुले तो खोकला आहे ना महिनाभराचा, तो दे तिच्यासंगं."

खोकला होता खरा. जुलैच्या ओलीत धरला, मग खोदलेल्या रस्त्यांच्या धुळीने पोसला. दोन बाटल्या औषध, रोजचं हळदीचं दूध आणि ऑफिसातल्या प्रत्येकाचा एकेक हमखास उपाय, एवढं सगळं पचवून तो ठणठणीत होता. म्हटलं, पाठवू. पण कुणाबरोबर, ते तरी कळू दे.

मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवत नेऊन जाळायचा पुतळा, एवढं कळलं. पण तो कुणाचा, तिथे पहिला गोंधळ झाला. चार जणांना विचारलं आणि चार उत्तरं मिळाली. काका म्हणाले, काळी मारबत म्हणजे बाकाबाई, भोसल्यांची फितूर राणी. काकू म्हणाल्या, काही नाही, ती पूतना मावशी, कृष्णाला विष पाजायला आलेली. ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, पूर्वी साथी यायच्या, त्या वेशीबाहेर काढायला हे सुरू झालं. कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला, "तिन्ही खरं आहे भाऊ, पण तुम्ही इतवारीत गाडी नका घालजा त्या दिवशी." या चौघांत कामाचं एवढंच निघालं.

सनावळी सगळ्यांची एक होती. काळी मारबत 1881 पासून, पिवळी 1885 पासून. काळी इतवारीतली. पिवळी जगनाथ बुधवारीतली, तऱ्हाणे तेली समाजाची. काळ्या मारबतीचं पाणी मात्र इतिहासात बरंच खोल आहे. बाकाबाई ही दुसऱ्या रघुजींची राणी. 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईत भोसले हरले, पुढच्या वर्षी आप्पासाहेबांची गादी गेली आणि इंग्रजांच्या कलाने चालणाऱ्या दरबारात बाकाबाईंचं वजन वाढलं. 1854 मध्ये राज्यच खालसा झालं, तरी 1857 च्या धामधुमीत त्या इंग्रजांच्याच बाजूला राहिल्या. 1858 मध्ये वारल्या. म्हणजे गावाने त्यांचा पुतळा करून जाळायला घेतला तो त्या गेल्यावर तेवीस वर्षांनी! लोणचंसुद्धा इतकं मुरवत नाहीत. काकांना हे म्हटलं तर ते शांतपणे म्हणाले, "राणी मेली, इंग्रज होते ना. त्यांचा पुतळा जाळला असता तर आत टाकलं असतं." यावर मला बोलायला काही उरलं नाही.

पोळ्याच्या संध्याकाळी काकू मला पिवळी मारबत पाहायला घेऊन गेल्या. गल्ली इतकी अरुंद की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं, आणि तिथे ही बाई, आजूबाजूच्या पहिल्या मजल्यांना खांदा लावून बसलेली. हळदीसारखा पिवळाधमक चेहरा, वटारलेले डोळे, अंगावर लुगडं. आत बांबू आणि कागद आहे हे माहीत असूनही मी अर्धं पाऊल मागे सरलो. माझ्यापुढे एक तरुण बाई होती, कडेवर पाचसहा महिन्यांचं बाळ. तिने बाळाचं डोकं मारबतीच्या पायाला टेकवलं, उचललं, परत टेकवलं. बाळाच्या कानाजवळ खरजेचे लाल चट्टे होते. टेकवताना त्या चट्ट्यांचीच बाजू पायाला लागेल असं ती बघत होती. बाळ रडायला लागलं तशी ती बाजूला झाली आणि तिच्या जागी दुसरी आली, दुसरं बाळ घेऊन.

वातावरणाला शोभेल म्हणून मी हळूच म्हटलं, "घेऊन जा गे मारबत." मागच्या आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चप्पल घालून शिरलो होतो.

"आज नाही म्हणत," काकू कुजबुजल्या. "आज ती बसली आहे. आज नमस्कार करायचा. उद्या निघाली की म्हणजो."

परत येताना गल्लीच्या तोंडाशी बडग्याचं काम चाललं होतं. मारबत बाई, बडग्या बुवा. मारबतीचं रूप ठरलेलं असतं. बडग्याला मात्र दरवर्षी नवा अवतार, त्या वर्षी लोक ज्याने गांजले असतील त्याचा: महागाई, खड्डे, भ्रष्टाचार, अतिरेकी. आमच्या गल्लीचा बडग्या पेपरफुटीचा होता. बांबूच्या कमच्यांचा सांगाडा, त्यावर रद्दी, मैद्याची खळ आणि सुतळी. पोट उभं फाडलेलं आणि त्यातून प्रश्नपत्रिकांचे कागद लोंबत होते. गळ्यात फाटक्या चपलांची माळ. पोट्ट्यांचा म्होरक्या नववीतला. म्हणाला, "साहेब, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात काकू. बोर्ड लिहून द्या ना."

मी सरकारी कारकून. बैठक मारून लिहिलं: 'लाखो विद्यार्थ्यांच्या भवितव्याशी खेळणाऱ्या पेपरफुटीच्या राक्षसी प्रवृत्तीचा तीव्र निषेध.' त्याने मोठ्याने वाचलं. मग नम्रपणे म्हणाला, "साहेब, हे शोकसभेवानी वाटून राहिलं. निवेदन कलेक्टरले देतात, मारबतीले नाही." त्याने दुसरा पुठ्ठा घेतला आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत ओढलं: 'पेपर फोडणाऱ्या दलालाले घेऊन जा गे मारबत!' वीस वर्षं मसुदे लिहितो आहे, पण इतक्या झटपट माझा एकही मसुदा कुणी निकालात काढला नव्हता.

रात्री झोप येईना, म्हणून मोबाइलवर शोधत बसलो. जगात बाहुल्या जाळणारे पुष्कळ निघाले. पोलंडमधली मुलं हिवाळा संपताना मार्झाना नावाची गवताची बाई करतात, पेटवतात आणि नदीत बुडवतात. नाव वाचून मी दचकलोच, पण हा कानांचा खेळ असावा. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात 19 मार्चच्या रात्री पुढाऱ्यांची आणि चालू घडामोडींची टिंगल करणारे मोठमोठे पुतळे जाळतात, म्हणजे थेट आपले बडगेच. फक्त तिथे लोक मतं देऊन दरवर्षी दोन बाहुल्यांना जीवदान देतात आणि त्या संग्रहालयात जातात. सकाळी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "आपल्याकडे कोणाले सोडत नाहीत." आवाजात अभिमान होता.

त्या दिवशी काकू पहाटेच उठल्या होत्या. आदल्या दिवशी दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या लावल्या होत्या. त्यांना मेढे म्हणतात. मी त्यांना शोभेच्या समजून मोबाइलवर फोटो काढला होता. काकूंनी त्या उपटल्या, हातात धरून घरातल्या कोपऱ्याकोपऱ्यावरून फिरवल्या, माझ्या खोलीतही आल्या, माझ्या छातीवरून दोनदा फिरवल्या आणि "जा गे नारबोद" असं पुटपुटत बाहेर गेल्या. त्यांचं माहेर भंडाऱ्याकडचं, तिकडे तिला नारबोद म्हणतात. तिकडे खेड्यात मेढे शिवेबाहेर नेऊन जाळतात. आम्ही राहतो त्या महाल भागात शीव कुठे शोधणार? काकूंनी ते कॉर्पोरेशनच्या कचरापेटीशेजारी ठेवले आणि मागे न पाहता घरात आल्या.

आमच्याकडे कोकणात गाऱ्हाणं घालतात. गावकर देवापुढे उभा राहून सांगतो, बा देवा महाराजा, इडापिडा टाळ, आणि आम्ही मागून "व्हय म्हाराजा" म्हणतो. देव वर, मधे गावकर, आम्ही खाली. सगळं रीतसर, आवक-जावक नोंदवहीतून जावं तसं. इथे मधे कुणी नाही. रस्त्यावर उभं राहायचं आणि जे नको असेल त्याचं नाव घेऊन ओरडायचं. पहिल्याने ते मला फार उद्धट वाटलं. शिमग्याला आम्ही काय करतो ते आठवल्यावर गप्प बसलो.

ऑफिसला सुट्टी होती. बडग्याबरोबर निघालो, तो नेहरू पुतळ्यापाशी येईस्तोवर माझे पाय जमिनीला लागत होते की नाही, सांगता येत नाही. गर्दीच मला नेत होती. गच्च्यांवर, दुकानांच्या पत्र्यांवर, खांबांवर माणसं. ढोल, ताशे आणि संदल एकमेकांचं ऐकेनात. मधेच विजेच्या तारेत अडकून आमच्या बडग्याचा उजवा हात तुटला. नववीतल्या म्होरक्याने तो उचलला आणि "दलालाचा हात! दलालाचा हात!" करत स्वतःच नाचवायला लागला. पाहणाऱ्यांना ते मूळ योजनेतलंच वाटलं असेल.

मग काळी आली. आधी फक्त डोकं दिसलं, माणसांच्या समुद्रावर डुलत येणारं, काळं कुळकुळीत, बाहेर लाल जीभ. समोरून पिवळी. दोघींची इथे भेट होते. त्या जवळ आल्या तसा जो आवाज उठला तो कानाने नाही, बरगड्यांनी ऐकला. सवयीने माझे हात जुळले आणि डोळे मिटले. शेजारच्या माणसाने कोपराने ढोसलं. "ओ भाऊ, पाया नाही पडत! हाकला तिले!"

डोळे उघडले. त्याच्या पलीकडे एक म्हातारी दोन्ही हात जोडून उभी होती, ओठ हलत होते. तिला कुणी ढोसत नव्हतं. एका डोळ्याने तिच्याकडे आणि एका डोळ्याने त्याच्याकडे बघत, हात अर्धे जुळलेले ठेवून मी ओरडायला सुरुवात केली. "ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत!" पहिली आरोळी माझी मलाच ऐकू आली नाही. दुसरी थोडी बरी. "रोगराई घेऊन जा गे मारबत!" मग त्या माणसाने स्वतःचं काहीतरी घातलं, कर्जाच्या हप्त्याचं असावं. कुणी डासांचं नाव घेतलं, कुणी सासऱ्याचं. लोक हसत होते आणि तरीही खोटं ओरडत नव्हते. मला काकूंची आठवण झाली. फुप्फुसात मावेल तेवढी हवा भरून घेतली आणि मी किंचाळलो, "खोकला घेऊन जा गे मारबत!" आजूबाजूच्या दहाबारा जणांनी माझा खोकला उचलला. अनोळखी माणसं माझ्या खोकल्यासाठी घसा फोडून ओरडत होती. तीनदा, चारदा. मी पुरता वाहवलो. त्यानंतर मी काय काय पाठवलं ते इथे लिहीत नाही; त्यातली दोन नावं माझ्या ऑफिसातली आहेत.

पिवळी पुढे नाईक तलावाकडे जाते आणि तिथे तिला जाळतात. मी तिथवर पोचलो नाही. गांधी गेटच्या अलीकडेच एका दुकानाच्या पायरीवर बसकण मारली आणि दोन ग्लास पाणी मागितलं, तेही खुणेने. पानवाला सांगत होता की कोरोनाच्या पहिल्या वर्षी मिरवणूकच निघाली नव्हती. "सगळ्यात जास्त बिमारी त्या वर्षी, अन् नेणारीलेच फिरायची बंदी," असं म्हणून त्याने कात लावला. मला हसायचं होतं, पण आवाज निघाला नाही.

संध्याकाळी तान्हा पोळा. वाड्यातली पोरं कपाळाला गंध लावून, डोक्याला फेटे बांधून चाकांचे लाकडी बैल ओढत दारोदार फिरत होती. हा पोळा दुसऱ्या रघुजींनी सुरू केला असं सांगतात, म्हणजे बैल नवऱ्याचा आणि मारबत बायकोची, तीही एकाच दिवशी. काकूंना हे सांगावंसं वाटलं. तोंड उघडलं, नुसती हवा आली. चार वर्षांचं एक पोरगं बैल घेऊन माझ्यापुढे उभं राहिलं. "काका, बोजारा द्या ना." किती द्यायचे असतात ते मी खुणेने विचारलं. त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि आईला म्हणालं, "या काकाची बॅटरी संपली."

मी दहाची नोट दिली. काकू दारातून बघत होत्या.

"खोकला आला का दिवसभरात?"

मी आठवून पाहिलं. मान हलवली. नाही.

"पाहिलं? नेला तिनं." मग थोडा विचार करून म्हणाल्या, "आवाज नव्हता पाठवायचा, बाबू."

रात्री आईचा फोन आला. मी दोन वेळा घसा खाकरला, तिसऱ्यांदा फुस्सकन काहीतरी निघालं.

"तुझो आवाज खंय गेलो रे?" ती ओरडली.

मी फोन काकूंच्या हातात दिला.