नातीचे फ्रेंच, आमची उजळणी

आमची नात गेल्या वर्षी अकरावीला गेली. दहावीपर्यंत परळच्या मराठी शाळेत शिकलेली पोर. दादरच्या एका कॉलेजात नंबर लागला आणि भाषा विषय म्हणून तिने फ्रेंच घेतले. "मराठी का नाही घेतलीस गं?" असे आम्ही विचारले, तर म्हणाली, "फ्रेंचला मार्क चांगले पडतात, आजी." आम्ही गप्प बसलो. आमच्यापैकी एकाचे शिक्षण सातवी आणि उमेद गेली गिरणीच्या साचेखात्यात. दुसरीने १९८२ च्या संपानंतर लालबागला खानावळ चालवून घरची चूल पेटती ठेवली. मार्कांचे गणित आम्हाला काय कळणार?

तिसऱ्याच आठवड्यात पोर रडत घरी आली. दप्तर कोपऱ्यात टाकले आणि जेवणार नाही म्हणाली. बऱ्याच वेळाने उलगडा झाला. वर्गात तिला 'बोलणे' या क्रियापदाची वर्तमानकाळी रूपे वाचायला सांगितली होती. शेवटचे रूप 'ते बोलतात' याचे. पुस्तकात त्याच्या अखेरीला ई-एन-टी अशी तीन अक्षरे. पोरीने जसे लिहिले तसे वाचले, 'पार्लेंत'. मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणाले, "पार्ल्यात? मग लोकल पकड!" वर्ग हसला. शिकवणाऱ्या बाईही हसल्या. त्या वर्गातल्या बऱ्याच मुली आठवीपासून फ्रेंच शिकत आलेल्या. "ही आपली भाषाच नाही. मी विषय बदलून घेते," नात म्हणाली.

'ही आपली नाही' हे शब्द आम्हाला लागले. आमच्या आईबापांनी ते फार ऐकले होते. पाणवठा आपला नाही, देऊळ आपले नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. जातीमुळे ते शिकू दिले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. पुढे १९१३ साली ते अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी घेतलेल्या विषयांच्या नोंदीत अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र यांच्याबरोबर प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन यांचाही एकेक अभ्यासक्रम आहे. परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिलेल्या त्या माणसासमोरही कधी तरी हीच रूपे आली असणार. नातीला आम्ही एवढेच म्हटले, "बदलायचा तर बदल विषय. पण आधी ही सहा रूपे आम्हाला शिकव. आम्हाला जमली नाहीत, तर तूही सोड."

त्या रात्री जेवणे उरकून गॅलरीत चटई टाकली आणि आमची शाळा भरली.

मूळ क्रियापद 'पार्ले', म्हणजे बोलणे. "पार्ले म्हणजे बिस्किट ना गं?" असे आम्ही विचारले आणि दिवसभरात पोर पहिल्यांदा हसली. लिहिताना त्याच्या शेवटी ई-आर ही अक्षरे येतात. फ्रेंचमधली बहुतेक क्रियापदे अशी ई-आरने संपणारी, आणि थोडे अपवाद सोडले तर सगळी एकाच नियमाने चालणारी. आधी ई-आर काढून टाकायचे. उरलेल्या भागाला कर्त्याप्रमाणे शेपूट जोडायचे. मी असेल तर ई. तू असेल तर ई-एस. तो किंवा ती असेल तर पुन्हा ई. आम्ही असेल तर ओ-एन-एस. तुम्ही असेल तर ई-झेड. ते किंवा त्या असतील तर ई-एन-टी. साच्यावर काम केलेल्या माणसाला हे लगेच कळले. ताणा तोच राहतो, बाणा तेवढा बदलतो.

"आता म्हणून दाखव," आम्ही म्हणालो. पोर म्हणू लागली. झ पार्ल, त्यु पार्ल, ईल पार्ल, नू पार्लों, वू पार्ले, ईल पार्ल.

"अगं, यातली चार तर सारखीच!" खरेच तसे होते. मी, तू, तो आणि ते, ही चारही रूपे कानाला एकच. तूचा एस मुका, तेचे ई-एन-टी मुके. फक्त आम्ही आणि तुम्ही वेगळे ऐकू येतात. म्हणूनच फ्रेंचमध्ये कर्ता गाळता येत नाही. आपण नुसते 'बोलतोस का?' म्हटले तरी 'तू' कळतो. तिथे कळत नाही. पोर ज्या तीन अक्षरांवर अडखळली, ती लिहायची असतात, उच्चारायची नसतात. एवढ्यासाठी एक वर्ग हसला होता.

मग आम्ही आपल्या मराठीकडे पाहिले. मी बोलतो, मी बोलते; तू बोलतोस, तू बोलतेस. बाई की पुरुष हे क्रियापदच सांगते. फ्रेंच वर्तमानकाळ ते विचारत नाही. आपल्याकडे 'बोलतो' वेगळे आणि 'बोलतो आहे' वेगळे; तिथे दोन्हींना 'झ पार्ल' पुरते. "बघ, याहून अवघड भाषा तुला पाळण्यापासून येते," आम्ही म्हणालो.

रविवारी विहारातल्या पालीच्या वर्गात आम्ही हा प्रश्न काढला. गच्छामि, गच्छसि, गच्छति. गच्छाम, गच्छथ, गच्छन्ति. वंदनेत आपण जे 'गच्छामि' म्हणतो, तेही वर्तमानकाळाचे, 'मी'चे रूप. सरांनी सांगितले की फ्रेंच लॅटिनमधून आली, आणि लॅटिन व पाली एकाच कुळातल्या. गच्छन्तिमधला 'न्त' लॅटिनमध्येही 'ते'च्या रूपाला येतो. फ्रेंचने तो लिहिण्यात ठेवला, बोलण्यात गाळला. नातीला रडवणारी अक्षरे अशी आमच्या ओळखीची निघाली.

पण आमच्या मनात घर करून राहिले ते 'त्यु' आणि 'वू'. त्यु म्हणजे तू, वू म्हणजे तुम्ही. एकाच माणसाला मान द्यायचा तरी रूप अनेकवचनी, आपल्यासारखेच. घरात आणि दोस्तांत त्यु. दुकानदार, पोस्टमन, डॉक्टर, कोणी अनोळखी, सगळ्यांना वू. तिकडे नातवंडे आजोबांनाही बहुधा त्युच म्हणतात. "आजोबा, मी तुम्हाला तू म्हणू?" पोरीने विचारले. "म्हण, पण फ्रेंचमध्येच," असे उत्तर तिला मिळाले.

आमच्या कोकणातल्या गावी खोताचे सात वर्षांचे पोर आमच्या पन्नाशीच्या बापाला 'ए, तू' म्हणून हाक मारी, आणि बापाने त्या पोराला अहो-जाहो करायचे. तू हा शब्द वाईट नाही. आईलाही आपण तूच म्हणतो. तो एकाच बाजूने चालतो तेव्हा टोचतो. फ्रान्समध्ये १७९३ साली क्रांतिकारकांनी सर्वांनी एकमेकांना त्युच म्हणावे असा आग्रह धरला होता. तो फार टिकला नाही. आम्हाला वाटते, सर्वांनी सर्वांना वू म्हटले तरी चालेल. जे म्हणायचे ते दोन्हीकडून म्हटले पाहिजे.

नातीने विषय बदलला नाही. पुढच्या आठवड्यात तिने 'राहणे' हे क्रियापद आणले. झाबित आ पारेल, मी परळला राहते. त्यातला एच मुका, म्हणून 'झ' पुढच्या स्वराला चिकटतो. 'तो राहतो' हे ईलाबित आणि 'ते राहतात' हे ईलझाबित. इथे मात्र मुका एस बोलू लागतो. हे सांगताना तिचा आवाज मोठा झाला होता.

पालकहो, मुलांचा विषय आपल्याला येत नाही म्हणून दूर बसू नका. शिकवता येत नसेल तर शिकायला बसा. दुसऱ्याला समजावताना मुलांची भीती जाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

एक प्रश्न आम्ही तिला शेवटी विचारला. "नू म्हणजे आम्ही की आपण?" ती थोडी थांबून म्हणाली, "फ्रेंचमध्ये दोन्हींना एकच शब्द आहे, आजी." मग त्या भाषेत 'ही आमची, आपली नाही' असे कसे म्हणतात, ते आम्ही तिला अजून विचारलेले नाही.