ओल्झा नदीचीं दोन तीरें

शाळेंतील नकाशावर दोन देशांच्या रंगांमधून नदीची निळी रेघ गेलेली दिसली, कीं विद्यार्थी सहजच म्हणतो, ही सीमा निसर्गानेंच आंखली आहे. आम्हांस मात्र हें मत फारसें पटत नाहीं. नदीला जेथें उतार सांपडतो तेथें गांव वसतें, पुढें पूल होतो, आणि दोन्ही तीरांचे लोक एकाच बाजाराला येऊं लागतात. नदी तोडते त्याहून अधिक जोडते. तिला तोडावयास लावतात तीं राज्यें. याचें बोलकें उदाहरण पोलंड व चेक प्रजासत्ताक यांच्या सरहद्दीवरील चेशिन या नगराचें आहे.

हा प्रदेश सायलेशियाच्या आग्नेय कोपऱ्यांत येतो. दक्षिणेस बेस्किड पर्वत, उत्तरेस ओडर नदीचें खोरें, आणि दोहोंच्या मधून वाहणारी ओल्झा. पश्चिमेस जवळच सुडेटन व कार्पाथियन या पर्वतराजींमधील ‘मोराव्हियाचें द्वार’ आहे. बाल्टिक समुद्र व डॅन्यूब नदी यांच्या दरम्यानचा व्यापार प्राचीन काळापासून तेथून चाले. दक्षिणेकडील याब्लुंकोव्ह खिंडींतून स्लोव्हाकियांत उतरतां येतें. अशा चव्हाट्यावरील भूमीला स्वस्थता लाभणें कठीणच!

इ. स. ८१० मध्यें तीन राजपुत्र बंधु दीर्घ भ्रमणानंतर येथील एका झऱ्यापाशीं भेटले आणि त्या आनंदाच्या स्मरणार्थ त्यांनीं नगर वसविलें, अशी दंतकथा आहे. इतिहास याला आधार देत नाहीं. तरी तो झरा लोक अजून कौतुकानें दाखवितात. गढीच्या टेकडीवरील संत निकोलसचें वर्तुळाकार दगडी देवालय मात्र खरोखरच अकराव्या शतकांतील असून पोलंडच्या वीस झ्लोटींच्या नोटेवर त्याचें चित्र आहे. येथील पिआस्त घराण्याचे सरदार १३२७ मध्यें बोहेमियाच्या राजाचे मांडलिक झाले. तें घराणें १६५३ मध्यें संपलें व प्रांत हॅब्सबुर्ग घराण्याकडे गेला. पुढें प्रशियाच्या फ्रेडरिकनें सायलेशियाचा बहुतेक भाग जिंकला, तरी चेशिन ऑस्ट्रियाकडेच राहिलें.

एकोणिसाव्या शतकांत कारविना येथील कोळसा, त्रिनेत्स येथें १८३९ मध्यें निघालेला लोखंडाचा कारखाना आणि बोहुमिनहून कोशित्सेकडे जाणारा लोहमार्ग यांनीं या प्रांताचें मोल वाढविलें. १९१० च्या शिरगणतींत नित्य व्यवहाराची भाषा पोलिश सांगणारे निम्म्याहून अधिक, चेक सांगणारे चतुर्थांशाहून थोडे अधिक व उरलेले बहुतेक जर्मन होते. घरांत मात्र पुष्कळ लोक जी बोली बोलत, तिला ते नुसतें ‘आपलें बोलणें’ म्हणत. १९११ पासून विजेची ट्राम स्टेशनावरून पुलावर येई आणि नदी ओलांडून जुन्या बाजारांत जाई. त्या वेळीं कोणता तीर कोणाचा, हा प्रश्न कोणास पडत नसे.

१९१८ मध्यें ऑस्ट्रियाचें साम्राज्य मोडलें. पोलंडचा दावा लोकसंख्येवर होता. चेकोस्लोव्हाकियाचा दावा जुन्या राज्यहक्कावर, कोळशावर व स्लोव्हाकियाशीं जोडणाऱ्या त्या लोहमार्गावर होता. जानेवारी १९१९ मध्यें सात दिवसांचें युद्ध झालें. सार्वमताचा बेत ठरून मोडला. आणि पोलंड रशियाशीं झुंजण्यांत गुंतला असतां २८ जुलै १९२० रोजीं मित्रराष्ट्रांच्या राजदूतांनीं ओल्झा हीच सीमा ठरविली. गढी, जुना बाजार व देवळें पोलंडला मिळालीं, आणि रेल्वेस्टेशन चेकोस्लोव्हाकियाला गेलें. १९२१ मध्यें ट्राम बंद पडली. पश्चिम तीरावरील ‘चेस्की तेशिन’ला आपलें नगरगृह व चौक नव्यानें उभारावा लागला.

पश्चिम तीरावरील एखाद्या म्हाताऱ्यानें आपल्या घराचा उंबरठा न सोडतांही किती राज्यें पाहिलीं, तें मोजून पाहावें : ऑस्ट्रिया, १९२० पासून चेकोस्लोव्हाकिया, म्यूनिकच्या करारानंतर ऑक्टोबर १९३८ मध्यें पोलंड, पुढच्याच सप्टेंबरांत हिटलरची जर्मनी, १९४५ मध्यें पुनः चेकोस्लोव्हाकिया, आणि १९९३ पासून चेक प्रजासत्ताक! ज्यांचें आयुष्य शाळेंत गेलें त्या आम्हांस यांत एकच गोष्ट विशेष सलते. पोलिश अंमल आला कीं चेक शाळा बंद, जर्मन अंमल आला कीं पोलिश शाळा बंद. प्रत्येक नव्या राज्याचा पहिला हात मुलाच्या पाटीवर पडला. याहूनही दारुण म्हणजे जर्मन अंमलांत येथील ज्यू समाजाचा संहार झाला, आणि युद्धानंतर बहुतेक जर्मनांस घरेंदारें सोडून जावें लागलें. इमारती उभ्या राहिल्या, शेजार गेला.

सीमेची रेघ आज आहे तेथेंच आहे. परंतु १ मे २००४ रोजीं दोन्ही देश युरोपीय संघांत आले व २१ डिसेंबर २००७ पासून पुलावरील तपासणी उठली. चेक बाजूस पोलिश शाळा चालतात व कित्येक गांवांत पाट्या दोन्ही भाषांत आहेत. २०२० च्या वसंत ऋतूंत महामारीमुळें सीमा पुनः बंद झाली, तेव्हां पोलिश तीरावर एक कापडी फलक झळकला. चेक शेजाऱ्या, तुझी आठवण येते, असा त्याचा आशय होता. पलीकडून तसेंच उत्तर आलें. शंभर वर्षांपूर्वीं ज्यांच्यांत बंदुका चालल्या, त्यांच्या पणतवंडांनीं हें लिहावें, हें लहान फळ नव्हे.

आमच्या शास्त्रांत देहलीदीपन्याय सांगितला आहे. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा आंतही उजेड देतो व बाहेरही. सीमेवरच्या नगराचें खरें कर्तव्य हेंच असावें. मात्र तो दिवा विझूं न देण्याची काळजी दोन्ही घरांनीं घ्यावयास हवी.