दर्शनी भागाच्या पलीकडचं चायनाटाऊन

सिंगापूरच्या चायनाटाऊनमध्ये स्केचबुक उघडलं की बहुतेकांचा हात, माझाही, आधी खाली दुकान, वर घर अशा शॉपहाऊसच्या दर्शनी भागाकडे वळतो. लाकडी झडपांच्या खिडक्या, गिलाव्यातली नक्षी, खाली सलग पाच फुटी पडवी: जलरंगांना हवं ते सगळं तिथे आयतं मिळतं. पण या वस्तीचा वारसा म्हणून नुसत्या इमारती रंगवणं मला आता पटत नाही. १९८३ मध्ये इथले फेरीवाले रस्त्यावरून क्रेटा आयरच्या नव्या संकुलात हलवले गेले आणि १९८९ मध्ये वस्ती संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर झाली. म्हणजे भिंतींना कायद्याचं कवच मिळालं तेव्हा भिंतींपुढचा बाजार उठून गेला होता. आपण ज्या रंगांवर भाळतो त्यांतले अनेक झळझळीत रंगही डागडुजीनंतरचेच. समोर दिसतं तेच प्रामाणिकपणे काढतो, असं म्हणणारा चित्रकारही त्यामुळे गेल्या तीन-चार दशकांतलं चायनाटाऊन काढत असतो, आणि बघणारा त्याला जुनं समजतो.

मग आठवणीतून काढावं का? यिप यू चाँग यांनी तेच केलं. त्यांचं बालपण इथल्याच सागो लेनमध्ये गेलं. अकाउंटंटची नोकरी सांभाळत ते भित्तिचित्रांकडे वळले आणि पुढे पूर्णवेळ चित्रकार झाले. निरक्षरांना मायदेशी पाठवायची पत्रं लिहून देणारा लेखनिक, कागदी मुखवटे विकणारा, कँटनीज ऑपेरा अशी माणसं आणि दृश्यं त्यांनी भिंतींवर परत आणली. थिआन हॉक केंग मंदिराच्या मागच्या भिंतीवर, अमॉय स्ट्रीटच्या बाजूला, हॉक्किएन स्थलांतरितांची कहाणी सांगणारं त्यांचं ४४ मीटर लांबीचं चित्र आहे. यावर आक्षेप असा, की हे स्मरणरंजन आहे आणि त्यात गरिबी गोड होऊन येते. आक्षेप खोटा नाही. लाकडी आडोसे घालून पाडलेल्या, उजेड-वारा नसलेल्या खोल्यांत भाड्याने राहणारी कुटुंबं अशा चित्रांच्या उन्हात सहसा बसत नाहीत. सागो लेनमध्येच मरणासन्न माणसांना अखेरच्या दिवसांसाठी आणून ठेवायची घरं होती. १९६१ मध्ये त्यांवर बंदी आली. पर्यटकाला अशा घरांच्या चित्रापुढे उभं राहून फोटो काढावासा वाटणार नाही, हे उघड आहे. तरीही लेखनिकाचं मेज, लेखनसाहित्य आणि समोर बसलेलं गिऱ्हाईक नेमकं काढलं, की ते जुन्या छायाचित्रांशी आणि ध्वनिमुद्रित आठवणींशी ताडून बघता येतं. नुसत्या सुंदर खिडकीकडून असली साक्ष मिळत नाही.

आठवणीतून काढताना काय गाळलं जातं, हा प्रश्न मात्र उरतोच. साउथ ब्रिज रोडवरच्या एका भिंतीवर २०२४ मध्ये साम्सुई बाई, म्हणजे बांधकामावर राबणारी, डोक्याला लाल कापड बांधणारी मजूर स्त्री, तरुण आणि सिगारेट हातात धरलेली दाखवली, तेव्हा आधी सिगारेट पुसायला सांगण्यात आलं; बराच वाद झाल्यावर ती राहू दिली. कष्टकऱ्यांच्या स्मारकात त्यांची सवय चालत नाही, हे जरा गमतीचंच. दुसरी गाळणूक आपण चित्रकारच करतो. त्याच रस्त्यावर १८२७ मध्ये स्थापन झालेलं श्री मारिअम्मन मंदिर आहे, जवळच चुलिया, म्हणजे तमिळ मुसलमानांची जामे मशीद आहे. पण ‘चिनी’पणा टिकावा म्हणून गोपुर चौकटीबाहेर ठेवलं जातं. ज्या वस्तीत तमिळ, हॉक्किएन आणि कँटनीज एकाच रस्त्यावर वावरले, तिचं हे चित्र नाटकातल्या पडद्याइतकंच खरं.

म्हणून माझा कल आता क्रेटा आयर संकुलाकडे आहे. ट्यूबलाइटचा सपाट उजेड, फरशा, प्लास्टिकच्या खुर्च्या, दोनशेहून अधिक खाद्यगाळे. बाहेरच्या चौकात चिनी बुद्धिबळ मांडून बसलेले म्हातारे. रंगांना इथे फारसा वाव नाही, सावल्या तर जवळजवळ नाहीतच. पण १९८३ मध्ये रस्त्यावरून उठलेला बाजार याच छपराखाली आला, आणि इथे रेखाटायला बसणारे क्वचितच दिसतात.