विजेची गाडी आणि आक्काचा प्रश्न

माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाने गेल्या वर्षी कर्ज काढून एक जुनी विजेवर चालणारी टियागो गाडी घेतली. ही गाडी २०२२ साली बाजारात आली. तिच्या बॅटऱ्या दोन मापांच्या, १९.२ आणि २४ युनिटच्या. भाच्याची मोठ्या बॅटरीची. हिरव्या पाटीवर पिवळे आकडे, म्हणजे भाड्याची गाडी. माढ्यातून कुर्डुवाडी स्टेशनला, सोलापूरच्या दवाखान्याला भाडी मारतो आणि हप्ता भरतो. खोली भाड्याची, घरमालक मीटरला हात लावू देत नाही, म्हणून रात्री मित्राच्या वेल्डिंगच्या दुकानात गाडी चार्जिंगला लावायची. तो मित्र दुकान हलवणार, असे कळले आणि घरात काळजी शिरली.

त्याच आठवड्यात आक्काला डोळ्याच्या तपासणीसाठी पुण्याला न्यायचे होते. माढा ते पुणे जवळपास दोनशे किलोमीटर. एका चार्जिंगवर एवढे जाण्याचा धोका भाचा पत्करेना. तेव्हा वाटेत हायवेवर सार्वजनिक चार्जर वापरायचा ठरला. आम्हा तिघांचीही ती पहिलीच वेळ.

टेंभुर्णी सोडून भीमेचा पूल ओलांडला आणि इंदापूरच्या बाजूला एका हॉटेलच्या आवारात थांबलो. कपाटाएवढे यंत्र, त्याला पेट्रोल पंपासारख्या दोन गन. एक बंद होती. दुसरीवर पुण्याची मोठी गाडी लागलेली. आक्का गाडीतून उतरली नाही. काच खाली करून हळूच म्हणाली, "आरं, आपल्याला लावू देत्याल का इथं?"

भाचा हसला. मला हसू आले नाही. आक्काने लहानपणी आडावर लांब उभे राहून दुसऱ्याने वाढलेले पाणी घेतलेले आहे. सार्वजनिक या शब्दावर तिचा विश्वास कमीच. मी म्हणालो, "आक्का, हे यंत्र फक्त मोबाईल नंबर विचारतं."

पण हा मोबाईल नंबर म्हणजेही एक उंबरठाच आहे, हे पुढच्या अर्ध्या तासात कळले. आधी अ‍ॅप उतरवा, मग नोंदणी, मग ओटीपी. रेंज येत नव्हती. पडद्यावरची सगळी सूचना इंग्रजीत. पैसे आधी अ‍ॅपच्या खात्यात भरायचे. पहिल्या वेळी पाचशे रुपये कापले गेले आणि चार्जिंग सुरूच झाले नाही. (ते पैसे सहा दिवसांनी परत आले, तोवर भाच्याच्या खिशाला केवढी कात्री!) शेवटी हॉटेलच्या वॉचमनने गन काढली, पुन्हा घट्ट बसवली, "आता कोड स्कॅन करा" म्हणाला आणि दिवा हिरवा झाला. शाळा फारशी न शिकलेला तो माणूस रोज पाहून सगळे शिकला होता.

थांबलेल्या वेळात मी वॉचमनकडून आणि भाच्याकडून समजून घेतले. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर गाडीतला छोटा चार्जर काम करतो, म्हणून आठ-नऊ तास लागतात. रस्त्यावरचे मोठे यंत्र बाहेरच वीज बदलून थेट बॅटरीत सोडते. पण ८० टक्क्यांपुढे तेही मंदावते. रिकामी एसटी भराभर भरते, शेवटच्या चार जागांना मात्र वेळ लागतो, तसेच. म्हणून जाणते लोक ८० ला गन काढतात. मागे कुणी थांबले असेल तर त्याचीही सोय होते.

आम्ही २२ टक्क्यांवरून ८० वर आणले. साधारण पाऊण-एक तास, १४ युनिट. दर २१ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. एकूण ३४६ रुपये ९२ पैसे. क्लार्क माणूस, पावतीच्या मागेच हिशेब मांडला. एवढ्यात गाडी ११० किलोमीटर गेली, तर किलोमीटरला सव्वातीन रुपयांच्या आतबाहेर. वेल्डिंगच्या दुकानात युनिट दहा रुपयांना पडते, म्हणजे तेच अंतर १४० रुपयांत. फरक दोनशे रुपयांचा! रोज हायवेवर गाडी भरली तर बँकेचा हप्ता विजेतच जाईल. दुसरीकडे डिझेलची गाडी याहूनही महाग पडते, हेही खरे.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री होते. वीज खाते त्यांच्याकडे. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विजेच्या समितीपुढे बोलताना वीज खात्रीची आणि स्वस्त असली पाहिजे, यावर त्यांचा भर होता. २०१८ साली केंद्र सरकारने चार्जिंग स्टेशनला वीजविक्रीचा परवाना लागणार नाही असे सांगितले, त्यामुळे कोणीही यंत्र उभारू शकतो. छान झाले. पण दराचे आणि मराठी सूचनांचे काय, हे कोणी विचारायचे? मी तालुक्याच्या ठिकाणी अर्ज देणार आहे.

आक्काची तपासणी नीट झाली. माढ्याला परतल्यावर मी, भाचा आणि वॉर्डातले दोन जाणते असे घरमालकाकडे बसलो. वेगळा सबमीटर, वायरिंगचा खर्च आमचा, युनिटमागे एक रुपया जादा, असे लिहून दिल्यावर तो राजी झाला. इलेक्ट्रिशियन येऊन गेला. अर्थिंगचा खड्डा खणायचा बाकी आहे, रविवारी खणू.